खाल्लं नाही, चाखलं

...आणि पाटी कुणाच्या उशाशी लावली? माझ्या. 'तोंडाने काहीही देऊ नये.' लाल अक्षरांत. आणि खाली त्या सिस्टरनं तारीख, वेळ आणि स्वतःची सही ठोकली, जसं काही मी जप्त केलेलं सामान. तुम्हाला सांगतो, ती सिस्टर शाळेत दप्तर घेऊन जात होती ना, तेव्हापासून ही पाटी मला पाठ आहे. रोज सकाळी सात वाजता या हॉस्पिटलातल्या पाट्यांची यादी तळघरात माझ्या हातात येते, अमकी खाट उपाशी, तमकी खाट नुसतं पातळ, ह्यांना मीठ नको, त्यांना साखर नको, आणि मी ती मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे ऐकतात. बावीस वर्षं वाचतोय. आणि त्या दिवशी यादीत कोण? चौदा नंबरची खाट, उपाशी. म्हणजे मी. माझीच यादी, आणि माझ्याशिवाय वाचली त्यांनी.

मी या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराचा मुख्य आचारी. एकशे ऐंशी ताटं दुपारची, एकशे ऐंशी संध्याकाळची. आता तुम्ही तोंड वाकडं करणार, मला ठाऊक आहे, सगळेच करतात, हॉस्पिटलचं जेवण म्हणजे बेचव. कोण म्हणतं हो बेचव? ज्याला ताप आहे तो. ज्याच्या तोंडाला गोळ्यांनी कडवट पाणी सुटलंय तो. जीभ तुमची आजारी आणि नाव माझ्या भाजीला. एकदा एका पेशंटनं भोपळ्याचं सूप परत पाठवलं, वर चिठ्ठी, 'यात काहीतरी घाला.' मी चिठ्ठीमागे लिहिलं, 'घातलंय, तुम्ही बरे झालात की लागेल.' त्यावरून आहारतज्ज्ञ बाईंनी मला अर्धा तास सुनावलं. ती बाई म्हणजे वेगळाच विषय आहे, तिच्याकडे येऊ.

तर माझ्या स्वयंपाकघराचा नियम एकच. कुठलंही पातेलं माझ्या जिभेला लागल्याशिवाय वर जात नाही. मी पळी घेणार, घोट घेणार, डोळे मिटणार, आणि म्हणणार, 'सोडा.' 'सोडा' म्हटलं की झाकणं पडतात, गाड्या लिफ्टकडे निघतात. नाही म्हटलं की सगळे जागच्या जागी. सकाळी नऊ पातेली म्हणजे नऊ घोट, कुठं मीठ कमी निघालं तर दुरुस्तीनंतर पुन्हा एक, असे करत बारा-तेरा होतात. आणि एवढं करून मी जेवत नाही बरं का. घरून कोरा चहा घेऊन निघायचं आणि शेवटची गाडी वर गेल्यावर, अडीच-तीनला, पहिला घास. पेशंटच्या आधी आचाऱ्यानं जेवायचं नाही, हे मला माझ्या वस्तादानं शिकवलं. तोवर मी कडकडीत उपाशी. आणि ते तेरा घोट? अहो, ते खाणं नव्हे, ते चाखणं. शिंपी दिवसभर कापडाला हात लावतो, म्हणून त्यानं शंभर शर्ट घातले असं म्हणता का तुम्ही?

आता दुखणं. आधी खांदा दुखायला लागला. अठरा किलोचं पातेलं, त्यात हातभर लांब उलथनं, ते बावीस वर्षं फिरवलं की खांद्यानं काय करावं? औषधांच्या खिडकीवर एक माणूस बसतो, त्याला मी रोज गरम चहा पाठवतो, तो मला म्हणाला, 'काका, ह्या घ्या, सकाळी एक दुपारी एक, खांदा लोण्यासारखा फिरेल.' फिरला. मी आठ महिने घेतल्या. खांदा उत्तम. पोटात मात्र इथं, ह्या इथं, बरगड्यांच्या खाली मधोमध, जळायला लागलं. आणि गंमत बघा, पोट रिकामं असलं की जळायचं आणि घोट घेतला की शांत. भोपळ्याचं सूप चाखलं, शांत. कस्टर्ड चाखलं, शांत. मी म्हटलं वा, काम करावं तसं बरं वाटतंय, म्हणजे हा आजार नाही, ही सुट्टीची खोड आहे. मधे आठवडाभर सकाळी... आता बायकामाणसं ऐकतायत, पण आजाराला काय लाज, सकाळी जे व्हायचं ते डांबरासारखं काळं व्हायचं. मला वाटलं बीट. त्या आठवड्यात बीट होतं. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, 'बिटानं लाल होतं.' मी म्हटलं, 'तू किती किलो बीट शिजवलंयस आयुष्यात?' संपला विषय. असा मी विषय संपवतो.

आणि मग तो मंगळवार. पावणेअकरा. मऊ भाताचं पातेलं, मी पळी घेतली, घोट घेतला, डोळे मिटले, आणि पोटात कुणीतरी सुरी घातली. खरी सुरी नाही हो, पण तुम्हाला सांगतो, मी खाली वाकून बघितलं खरंच कुणी घातली का, कारण माझ्या हाताखाली अशी दोन-तीन माणसं आहेत. डोळ्यांपुढे अंधार, घाम, आणि मी तिथंच भिंतीला टेकून घसरत खाली बसलो. आणि माझा दुय्यम आचारी, त्याला आम्ही होयबा म्हणतो, चाळीस वर्षांचा बाप्या, दोन मुलींचा बाप, पण मी दिवस म्हटलं तर दिवस आणि रात्र म्हटलं तर रात्र, तो होयबा माझ्यासमोर उकिडवा बसला आणि काय विचारतो? 'काका, सोडायचं का?' माझा जीव चाललाय आणि ह्याला भात सोडायचाय. मी दात आवळून म्हटलं, 'मीठ कमी आहे.' कारण होतं कमी. तो उठला, मीठ घातलं, ढवळलं, पळी घेऊन पुन्हा आला. आणि मी चाखलं. आहे त्या अवस्थेत, फरशीवर बसून. 'सोडा' म्हटलं आणि आडवा झालो.

मला वर कसं नेलं विचारा. ताटांच्या गाडीवरून. स्ट्रेचर यायला वेळ लागत होता म्हणे. वरच्या कप्प्यात मी पाय दुमडून आणि खालच्या कप्प्यात सतरा नंबरचं कस्टर्ड, कारण लिफ्ट एकच आणि गाडी तशीही वरच चालली होती.

तिथं एक पोरसवदा डॉक्टर. पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, 'फळीसारखं ताठ आहे.' उभं करून फोटो काढला छातीचा. दुखतंय पोट, फोटो छातीचा, आणि हे शिकलेले. फोटो उजेडापुढे धरून म्हणाला, 'पोटात हवा आहे.' मी म्हटलं, 'ती सगळ्यांच्याच असते.' 'नाही काका, ही आतड्याच्या बाहेर आहे. जखम होती, तिला भोक पडलंय, तिथून हवा बाहेर पडलीय.' मग विचारलं, 'गोळ्या काय काय घेता?' 'कसल्याच नाही.' 'दुखण्याच्या?' 'त्या होय, त्या खांद्यासाठी.' त्यानं असं बघितलं माझ्याकडे, की मीच गुन्हेगार. अहो, खांद्याच्या गोळीला पोटात जाऊन भोक पाडायला मी सांगितलं होतं का? पुढचा प्रश्न, 'शेवटचं कधी खाल्लंत?' मी म्हटलं, 'काल रात्री आठला.' खरं ते सांगितलं. मग त्यांनी नाकातून नळी घातली, घशातून खाली जठरात, आणि तुम्हाला सांगतो, नाकातून नळी घालणाऱ्याच्या नाकात एकदा तरी नळी घालायला हवी, नियमच हवा तसा, आणि दुसऱ्या टोकाला मोठी पिचकारी लावून ओढलं. भात आला. मग भोपळा आला. मग गाजराचे दोन तुकडे, कस्टर्ड, आणि कसलीशी हिरवी भाजी. पोरगा एकेक बघत होता आणि मागे सिस्टर लिहून घेत होती. 'काका, तुम्ही तर म्हणालात काल रात्री आठला.' मी म्हटलं, 'हो, मग? हे खाल्लं नाही, चाखलं.'

आता ह्यात हसण्यासारखं काय आहे? पण हसले. भूल देणारी बाई तोंडाला मास्क लावून हसली, डोळ्यांवरून कळतं.

मग आले दोन मोठे. एक सुरीवाले आणि एक गोळीवाले. सुरीवाले जाडजूड, हात खिशात, घाईत. गोळीवाले बारीक, चष्मा कपाळावर, त्यांना कशाचीच घाई नाही. नळीतून आत रंगाचं औषध सोडून मोठ्या मशीनमध्ये फोटो काढला होता, तो दोघांनी बघितला आणि माझ्या डोक्यावर उभे राहून भांडायला लागले. गोळीवाले म्हणाले, 'भोक बंद झालंय. शेजारची चरबी आणि यकृत चिकटून बसलंय वर. औषध बाहेर गळत नाहीये.' सुरीवाले म्हणाले, 'आज नाही गळत. उद्याचं कोण बघणार?' 'नाडी बरी आहे, ताप नाही, वय त्रेपन्न, लवकर आलाय. नळी चालू ठेवू, शिरेतून अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारं इंजेक्शन, पूर्ण उपाशी. चोवीस तास बघू.' 'आणि फसलं तर? मला उशिरा बोलावणार आणि मग म्हणणार पेशंट बिघडला.' ह्यांचं चाललंय माझ्या पोटावर, आणि पोटाचा मालक खाली पडून एकाकडून दुसऱ्याकडे बघतोय. मला विचारलं का कुणी? शेवटी मीच नाकातल्या नळीसकट म्हटलं, 'डॉक्टर, कापू नका.'

खरं सांगतो तुम्हाला. मी घाबरलो होतो. माझी पाचावर धारण बसली होती. मरणाला नाही, म्हणजे मरणालाही, पण सुरीवाल्यांनी जाता जाता सांगितलं होतं, पोट उघडलं तर तीन महिने वजन उचलायचं नाही. पाण्याची बादलीसुद्धा नाही. तीन महिने पातेल्यापासून लांब असलेला आचारी म्हणजे कोण? आणि तीन महिन्यांनी परत येईन तेव्हा पातेलं माझी वाट बघत बसलेलं असेल? पातेल्याला काय, कुणीही ढवळावं.

सुरीवाले तयार झाले, पण कसे, माझ्याकडे बोट रोखून. 'चोवीस तास. दर दोन तासांनी पोट दाबून बघणार. नाडी वाढली, ताप आला, पोट पुन्हा ताठ झालं, की मी विचारायला येणार नाही, आत घेऊनच जाईन. आणि तोंडातून काही नाही. पाण्याचा थेंब नाही. कळलं? खायचं नाही.' मी म्हटलं, 'डॉक्टर, तुम्ही कुणाला सांगताय, मी बावीस वर्षं न खाता काम करतोय.' बायको शेजारी उभी. ती म्हणाली, 'अहो, चोवीस तास फक्त. त्या तोंडाला चोवीस तास विश्रांती द्या, सगळ्या हॉस्पिटलचं भलं होईल.' अशी बायको. पण हे म्हणताना ती माझ्या पायावरची चादर तिसऱ्यांदा नीट करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट मऊ पडलं. खरंच पडलं. पोरसवद्या डॉक्टरनं दाबलं, मी ओरडलो नाही. गोळीवाले आले, त्यांनीही दाबलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला, म्हणजे खूश. नळीच्या टोकाला पिशवी लावलेली, त्यात थोडंसं हिरवट पाणी. 'उत्तम. संध्याकाळी पाचपर्यंत असंच राहिलं तर सुरी टळली.' मी घड्याळ बघितलं. साडेदहा. साडेसहा तास. साडेसहा तास तर मी कुणाशी न बोलताही काढीन, म्हटलं. बायको घरी आंघोळीला गेली.

आणि पावणेबाराला पडदा बाजूला करून आत कोण? होयबा. एप्रनमध्ये, डोक्याला कापड, हातात ट्रे, ट्रेवर चार झाकलेल्या वाट्या आणि माझी पळी. माझी पळी! घामाघूम. कानाशी येऊन म्हणतो, 'काका, खाली सगळं थांबलंय.' 'थांबलंय म्हणजे?' 'काल संध्याकाळी दूध-ब्रेडवर भागवलं. आता पावणेबारा झालेत, एकशे ऐंशी ताटं लावलीत, वरून फोन येतायत, पण तुम्ही सोडा म्हटलं नाही ना.' मी म्हटलं, 'अरे गाढवा, मग सोड ना.' 'मी कसं सोडू? मला काय कळतं?' आता तुम्ही सांगा, ह्याला मी काय म्हणावं? एकीकडे अंगाचा तिळपापड झाला, वीस वर्षं शेजारी उभं राहून ह्याला मीठ कळत नाही? आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, छाती अशी फुगली. सगळ्या हॉस्पिटलचं जेवण अडलंय, कशासाठी? ह्या जिभेसाठी.

मी त्याला म्हटलं, 'मला खायला मनाई आहे.' तो म्हणाला, 'काका, खायला कोण सांगतंय? चाखायचंय.'

बघा. हे वाक्य त्यानं माझ्याकडूनच घेतलेलं. मी पळी हातात घेतली.

आणि मी काळजी घेतली होती हो. पहिली वाटी, मऊ भात, जिभेवर ठेवला, फिरवला आणि भांड्यात थुंकला. ठीक, सोडा. दुसरी, गाजर-बटाटा, थुंकलो. सोडा. तिसरं ते भोपळ्याचं सूप. आता सुपाचं असं आहे, सुपाचं मीठ जिभेवर कळत नाही. जिभेवर कळतं ते वरवरचं. खरं मीठ कळतं घशात, गिळताना. कुठल्याही आचाऱ्याला विचारा. मी पहिला घोट थुंकला, काही कळेना. दुसरा थुंकला, कळेना. बाहेर गाड्या थांबल्यात, शंभर माणसं उपाशी, आणि मी इथं गुळण्या करतोय. तिसरा गिळला. मीठ कमी. होयबा पुडीतून मीठ काढतो, घालतो, ढवळतो, मी पुन्हा एक गिळला. अजून किंचित. पुन्हा एक. आता बरोबर. आणि कस्टर्ड तर थुंकताच येत नाही, ते चिकटतं. झालं. 'सोडा,' म्हटलं. होयबा पळाला. जाताना पळी मात्र खाटेवर विसरला.

बारा वाजता सिस्टर आली. नाडी मोजली. पळी बघितली. पळी उचलून बाजूला ठेवली, मला वाटलं सुटलो. मग वाकून नळीची पिशवी बघितली. पिशवीत सकाळी हिरवट पाणी होतं ना? आता पिशवी केशरी. छान, दाट, भोपळ्याची केशरी. मी पडल्या पडल्या बघत होतो आणि मनात काय आलं सांगू? रंग चांगला आलाय.

'काय खाल्लंत?' सिस्टर इतक्या हळू आवाजात म्हणाली, की माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, 'खाल्लं नाही, चाखलं.' ती म्हणाली, 'काका, तुमच्या आतड्याला हे कुणी समजावायचं?'

आणि आतड्यानं समजून घेतलं नाहीच. एक वाजता बोचायला लागलं. दीडला पुन्हा तीच सुरी. पोट पुन्हा ताठ, नाडी एकशे वीसवर, ताप. सुरीवाले आले. तुम्हाला वाटेल ओरडले असतील. ओरडते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी हातात धरून उजेडाकडे नेली, खाली ठेवली, आणि गोळीवाल्यांकडे नुसतं बघितलं. गोळीवाल्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर. मग सुरीवाले मला म्हणाले, 'आता आत जाऊ या.' मी विचारलं, 'भोक शिवणार ना?' तर म्हणाले, 'नुसतं शिवून टिकत नाही, कडा कुजक्या असतात. तुमच्या आतड्यांवर चरबीची झालर असते, तिचा तुकडा ओढून भोकावर बसवणार आणि वरून तीन टाके बांधणार. आणि सगळं पोट धुऊन काढणार.' म्हणजे मी एवढी वर्षं जपलेली चरबी कुठं कामाला आली बघा. सही करायला बायकोला बोलावलं. ती धावत आली, केस ओले, कागद वाचला, पिशवी बघितली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. ती एवढंच म्हणाली, 'पाच वाजेपर्यंत तर थांबायचं होतं हो.' आणि सही केली, आणि रडली. ती रडली की तिथं माझा विषय संपत नाही.

मग काय, उघडलं, धुतलं, आठ लिटर पाण्यानं धुतलं म्हणे, झालर बसवली, बंद केलं. बाजूला एक नळी, नाकात एक, अजून एक कुठं ते सांगत नाही. इथून इथपर्यंत टाके. खोकला आला की उशी पोटाशी धरायची. आणि त्या अवस्थेत गोळीवाले येऊन मला शुभवार्ता देतात, काय, तर जखमेजवळचा तुकडा तपासला, तुमच्या जठरात जंतू सापडले. मला? अहो, माझ्या स्वयंपाकघरात फरशी तीनदा पुसली जाते, नखं बघितल्याशिवाय मी कुणाला आत घेत नाही, नाकावर माशी बसू दिली नाही कधी, आणि जंतू माझ्या जठरात? 'हा लहानपणापासूनही असू शकतो, कितीतरी जणांत असतो. जंतू आणि त्या गोळ्या, दोघांनी मिळून केलंय. चौदा दिवस तीन-तीन प्रकारची औषधं, आणि दुखण्याची गोळी जन्मात नाही.' 'मग खांद्याचं काय?' 'खांद्याला शेक द्या.' हे मोठे डॉक्टर.

पाच दिवस उपाशी. खरं उपाशी. चाखणंसुद्धा नाही. सिस्टर तर माझ्याशी बोलतानाही माझ्या ओठांकडे बघायची. आणि रोज साडेअकराला मी कान लावून पडायचो. म्हटलं, आता फोन वाजतील, आता कुणीतरी ओरडेल, जेवण कुठाय. होयबाला मीठ कळत नाही, मी नाही, म्हणजे खाली हाहाकार. साडेअकराला गाड्या यायच्या. नाही, सव्वाअकराला यायच्या. मी घड्याळ दोनदा बघितलं.

सहाव्या दिवशी नळी काढली आणि मला पहिलं ताट आलं. भोपळ्याचं सूप, वाटीभर. मी चमचा घेतला, डोळे मिटले, घोट घेतला. आणि थांबलो. मी चूक शोधत होतो, तुम्हाला सांगतो, मनापासून शोधत होतो, टाके ताणून शोधत होतो. मीठ बरोबर होतं. अगदी बरोबर. मी सगळी वाटी संपवली आणि होयबाला वर बोलावलं. 'कुणी चाखलं हे?' मला वाटलं आता म्हणेल, काका, मी, तुमच्याकडूनच शिकलो. मी तोंडावर तसा भावही आणून ठेवला होता. तर तो म्हणतो, 'कुणीच नाही, काका.' 'कुणीच नाही म्हणजे?' 'ते आहारतज्ज्ञ बाईंनी चमचे दिलेत, मापाचे. दहा लिटरला एवढे सपाट चमचे, असा कागद भिंतीला लावलाय. टाकायचं आणि सोडायचं. पंधरा मिनिटं आधी सुटतं.' मी विचारलं, 'वरून तक्रार?' तो एप्रनला हात पुसायला लागला. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा जुना दोष. 'अरे बोल.' 'वाट्या रिकाम्या येतायत, काका.'

त्या दिवशी मला पोटात दुखलं, पण ते कुठल्या फोटोत दिसणारं नव्हतं. गोळीवाल्यांनी दाबून बघितलं, म्हणाले मऊ आहे.

आता मी कामावर आहे. तीन महिने वजन उचलायचं नाही, म्हणून मला खुर्ची दिलीय, लिफ्टजवळ. गाड्या मोजायच्या. सगळे मान देतात, काका काका करतात, येता-जाता पोट कसंय विचारतात. होयबा पातेलं ढवळतो, माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो, पण ते काय, मी मान हलवली नाही तरी गाडी जाणारच आहे, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. चमचा भिंतीला साखळीनं बांधलाय. मी एकदा हातात घेऊन बघितला. हलका आहे.

परवा आतून बघायची तपासणी होती, दुर्बीण घालून, जखम भरली का. सकाळपासून उपाशी यायला सांगितलं होतं. टेबलावर घेतलं, तोंडात ती प्लॅस्टिकची कडी बसवणार, एवढ्यात सुरीवाले स्वतः आत आले. हे त्यांचं काम नव्हे, मुद्दाम आले. माझ्यावर वाकले, त्याच सुरात, बोट रोखून. 'सकाळपासून काही खाल्लंत?' 'नाही, डॉक्टर.' ते हलले नाहीत. 'आणि चाखलंत?'

'नाही हो,' म्हटलं, 'आता कुणी विचारत नाही.'